समकुळ

भूपेंद्रच्या दुकानात जाऊन मी त्या संध्याकाळी एवढा आवाज चढवला, की शेजारचा रिचार्जवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन उभा राहिला. राहू दे उभा. माझा राग तसा दुधासारखा आहे, उतू जातो आणि खाली बसतो. पण हा अजून बसलेला नाही, आणि आता तो काढायचा कुणावर तेच कळेनासं झालंय. भूपेंद्रवर काढून झाला, समाजाच्या मंडळावर काढून झाला, नवऱ्याने काही केलेलं नसताना त्याच्यावरही काढून झाला. धनश्रीचं जे व्हायचं ते होऊनच गेलं.

मी उज्ज्वला, आणि धनश्री माझी नणंद. शिरपूरकडे दिली होती. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा काविळीने गेला. सासरच्यांनी काही दिवस 'आमचीच पोर आहे' म्हटलं, आणि मग एका दुपारी तिचा दीर तिला बॅगांसकट सुरतेत, आमच्या डिंडोलीच्या घरी सोडून गेला, चहासुद्धा न घेता. तेव्हापासून ती आमच्यात. दिवसभर साड्यांवर खडे चिकटवायची आणि इतकी गप्प असायची, की ती घरात आहे हे गोंदाच्या वासावरून कळायचं. पूर्वी आमची काय भांडणं व्हायची! माझी ओढणी तिने न विचारता घेतली की मी तिचा उद्धार करायचे आणि ती माझ्या माहेराचा. नणंद भांडेनाशी झाली की घर किती भकास होतं ते मला विचारा.

म्हणून समाजाच्या वधू-वर मेळाव्याला जायचं मीच काढलं. सासरे, म्हणजे बन्सीलाल पाटील, आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केलेले. त्यांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं ते ऐकायचं टाळतात. त्यांच्या कानाशी जाऊन मी ओरडून सांगितलं की पोरगी तीसचीही झालेली नाही, तिला असं खडे चिकटवत म्हातारी करायची आहे का. सासूबाई म्हणाल्या, हळू बोल, शेजारी ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत, एखाद्याचा भाऊ निघेल लग्नाचा.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे अर्धी वस्ती पाटील. आडनावावरून कोण कुणाचा ते समजत नाही, म्हणून लग्नाचं निघालं की पहिला प्रश्न कुळाचा. आम्ही निकम. समोरचाही निकम निघाला तर विषय संपला. ती दोघं भाऊ-बहीण. त्यात वाद नाही, आणि मला तो घालायचाही नाही. पण म्हातारी मंडळी कुळ विचारता विचारता कुणाचं वरचं आणि कुणाचं खालचं हे काढत बसायची, आणि एका मेळाव्यात त्यावरून खुर्च्या उचलण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा मंडळाने ठराव केला, मेळाव्यात कुणी कुणाला कुळ विचारायचं नाही. फॉर्मवर लिहून द्यायचं, पुढचं कॉम्प्युटर बघेल. कुळ जुळलं नाही तर हिरवी खूण, एकच निघालं तर लाल. कुळाचं नावसुद्धा पडद्यावर येणार नाही, म्हणजे कुरापत काढायला जागाच नको. मला हा ठराव फार आवडला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते.

कॉम्प्युटर म्हणजे भूपेंद्र. मंडळाच्या अध्यक्षांचा भाचा, डिंडोलीतच छोटं दुकान, लोकांचे पॅनकार्डाचे अर्ज भरून देतो आणि जमेल तशी सॉफ्टवेअरं करतो. पोरगा वाईट नाही. मंडळाचं काम त्याने फुकट केलं होतं हेही खरं. मी रिंग रोडच्या ऑफिसात साडीवाल्या व्यापाऱ्यांचं बिलांचं सॉफ्टवेअर बनवते, दिवसभर डेटाबेसमध्येच हात असतात, म्हणून मी त्याला एकदा म्हटलं होतं की दाखव रे, मीही नजर टाकते. तर म्हणतो, "भाभी, बराबर चालतंय ना? मग?" मीही फणकाऱ्याने म्हटलं, नको तर नको.

मेळाव्यात योगेंद्र भेटला. हजीऱ्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवतो, उधन्याला आईबरोबर राहतो. बायको दोन वर्षांपूर्वी सोडून गेली होती, रीतसर घटस्फोट झालेला. दिसायला बेताचा, पण बोलायला लागला की माणूस बघत राहावा. धनश्रीला म्हणाला, मी दिवसभर एवढ्या उंचावर एका काचेच्या डब्यात बसलेला असतो, खाली लोक मुंग्यांएवढे, बोलायला कुणी नाही, म्हणून मी क्रेनशी अहिराणीत बोलतो. तिला रागावलो तर ती करकर करते. धनश्रीने विचारलं, आणि लाडाने बोललं तर? म्हणाला, तेव्हाही करकरच करते, बाई मोठी कजाग आहे. आणि आमची धनश्री हसली. तोंडावर हात न ठेवता, खुदकन नाही, चांगली खळखळून. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पुढे सगळं आपोआप झालं. योगेंद्रच्या आई शोभाबाई घरी आल्या, आम्ही उधन्याला जाऊन आलो, ही दोघं फोनवर बोलायला लागली. धनश्री गच्चीवर जाऊन बोलायची आणि खाली आली की उगाच माझ्याशी भांडण उकरून काढायची. मला असं बरं वाटायचं म्हणून सांगू. तिने त्याला कधी नावाने हाक मारली नाही. फोनवरही 'अहो, ऐकताय ना' असंच. मी चिडवायचे तर लाल व्हायची. नवी साडी फॉल लावायला टाकली होती. साखरपुड्याची तारीख धरायची तेवढी राहिली होती, आणि त्याआधी मंडळाकडून कुळाची खूण घ्यायची.

भूपेंद्रने सगळ्यांसमोर दोघांचे नंबर टाकले, आणि पडद्यावर लाल पट्टा आला. समकुळ.

मी कितीदा तो क्षण मनात मागे नेलाय. तिथे आम्ही सगळे होतो. शोभाबाई होत्या, सासरे होते, मी होते. एकाने जरी तोंड उघडून विचारलं असतं, की तुम्ही कोण, तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण ठराव होता ना. आणि ठरावापेक्षा मोठं म्हणजे पडद्यावर आलं होतं. सासरे धरून चालले की योगेंद्रही निकम. शोभाबाई धरून चालल्या की आम्ही त्यांच्या कुळातले. दोन्ही घरांनी मनातल्या मनात समोरच्याला आपल्यात घेतलं आणि दोन्ही घरं गप्प बसली. मी तर कॉम्प्युटरवाली. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, असं मीच ऑफिसात व्यापाऱ्यांना दिवसातून दहादा ऐकवत असते.

घरी आल्यावर धनश्रीने फॉल लावलेली साडी घडी घालून कपाटात खाली ठेवली आणि खडे घेऊन बसली. मला वाटलं रडेल, ओरडेल, निदान माझ्यावर चिडेल की तूच नेलंस मेळाव्याला. काही नाही.

शोभाबाई मनाने फार स्वच्छ बाई. त्यांना आतून लागलं होतं, की दोन्ही पोरं एकमेकांशी एवढं बोलली, आता एका कुळाची निघाली, तर त्यांच्या मनात तसलं काही राहणं म्हणजे पाप. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. राखीपौर्णिमेला त्या योगेंद्रला घेऊन आमच्याकडे आल्या, नारळ, पेढे, धनश्रीसाठी साडी. म्हणाल्या, "नातं तुटायचं नाही, फक्त बदलायचं. आजपासून हा तुझा भाऊ." सासरे खूश झाले. त्यांना वाटलं, पोरीला नवरा नाही तर नाही, एक जास्तीचा भाऊ तरी मिळाला. योगेंद्रने खाली बघत हात पुढे केला. धनश्रीने राखी बांधली. तिचे हात खडे चिकटवून तयार झालेले, जराही थरथरले नाहीत. गाठीवर गाठ मारली, कुंकू लावलं, पेढा भरवला. आणि म्हणाली, "भाऊ, जेवून जा." 'अहो' नाही, 'तू' म्हणाली. त्याने पेढा गिळायला वेळ लावला, पण ते मलाच दिसलं असावं.

त्यानंतर ती जरा सावरली. मला नवल वाटलं. त्याचं नाव निघालं तर 'मना भाऊ' म्हणायची, आमच्या अहिराणीत. माझा भाऊ. हळूहळू माझ्याशी परत भांडायला लागली. शोभाबाई येत-जात राहिल्या. योगेंद्र मात्र आला नाही. शिफ्ट असते, त्या म्हणायच्या.

नवरात्रात शोभाबाई घटाला फुलं घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसल्या. मी फुलोऱ्याच्या कडाकण्या तळत होते. त्या बघत म्हणाल्या, तुम्ही आजच केलात फुलोरा? आपल्या बोरशांमध्ये तर सातव्या माळेला करतात. मी म्हटलं, कुणामध्ये? तर हसल्या. म्हणाल्या, "अगं, आपण बोरसे. सासऱ्यांनी शिकवलं नाही का तुला कुळाचं?"

कढईतली कडाकणी काळी झाली. आम्ही निकम. धनश्री निकम. बोरसे कोण, हे मला माहीत होतं. धनश्रीचा गेलेला नवरा बोरसे होता.

शोभाबाईंना मी काही सांगितलं नाही. सांगणार काय? खात्री करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट भूपेंद्रच्या दुकानात गेले, त्याला खुर्चीवरून उठवलं आणि म्हटलं, उघड. तो अंहं करायला लागला तेव्हाच तो आवाज चढला, सुरुवातीला सांगितला तो. मग त्याने मुकाट्याने पासवर्ड टाकला.

बघायला फार वेळ लागला नाही, आणि हेच मला जास्त झोंबतं. दोन टेबलं होती, म्हणजे माहितीचे दोन तक्ते. एकात नेहमीची सगळी मंडळी, मुलं, मुली, आणि घटस्फोटित पुरुषही. त्यात आधी नाव, मग कुळ, मग मामाचं कुळ. दुसऱ्या टेबलात पुनर्विवाहाच्या बायका. त्यांचा फॉर्म मंडळाने जुनाच ठेवलेला, कधीकाळी छापलेला. त्यात नाव, मग सासरचं कुळ, मग माहेरचं कुळ. कारण लग्न झालेली बाई नवऱ्याच्या कुळात लिहायची, अशी आपली रीत. पुरुषाचं कुळ लग्नाने बदलत नाही, घटस्फोटानेही बदलत नाही, म्हणून योगेंद्रची ओळ पहिल्या टेबलात ठीक बसली. धनश्रीची दुसऱ्यात.

आणि भूपेंद्रने ही दोन्ही टेबलं एकाखाली एक रचली होती. क्वेरीत, म्हणजे मशीनकडे माहिती मागायच्या ओळीत, कॉलमची नावं लिहायचा कंटाळा, म्हणून एक चांदणी टाकून 'सगळंच दे' असं सांगितलेलं. आता अशी टेबलं जोडताना मशीन कॉलमचं नाव वाचत नाही, जागा बघतं. वरच्यातला दुसरा कॉलम, त्याच्याखाली खालच्यातला दुसरा. मथळा मात्र वरच्याचा राहतो. त्यामुळे 'कुळ' या मथळ्याखाली बायकांचं सासरचं कुळ जाऊन बसलं आणि माहेरचं सरकलं मामाच्या खाली. एकीकडे आकडा आणि एकीकडे अक्षरं असती तर मशीनने तिथेच एरर दिला असता. पण दोन्हीकडे अक्षरंच. गिळलं त्याने. प्रत्येक ओळीला प्रकाराचा कॉलम होता, कुमारिका, विधवा, घटस्फोटिता असा. ओळ कोणत्या प्रकारची आहे ते बघून मग कुळ उचललं असतं तरी भागलं असतं. तो कॉलम क्वेरीने कधी वाचलाच नव्हता.

म्हणजे मशीनने तपासलं ते योगेंद्रचं कुळ आणि धनश्रीच्या मेलेल्या नवऱ्याचं कुळ. दोन्ही बोरसे. लाल.

आता सांगा, विधवेने गेलेल्या नवऱ्याच्या कुळातल्या माणसाशी लग्न केलं तर आमच्यात कोण अडवतं? जुन्या काळी तर दिराशीच लावून द्यायचे. काहीच अडचण नव्हती. अडवणारं कुणी नव्हतंच.

भूपेंद्र रडवेला झाला. म्हणाला, फॉर्मवर होतं तसंच टाकलं, भाभी, माझ्या डोक्यातच आलं नाही. येणार कुठून? सासरचं कुळ म्हणजेच बाईचं कुळ, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून एवढं पक्कं, की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. फॉर्म छापणाऱ्यालाही वाटलं नाही. त्या टेबलात बायकाच मोजक्या, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी त्याला बाजूला सारलं आणि क्वेरी नव्याने लिहिली. चांदणी काढली. एकेक कॉलम नावानिशी मांडला, सासरच्या कुळाला त्याचा वेगळा मथळा दिला, आणि ओळीचा प्रकार बघून विधवा किंवा घटस्फोटिता असेल तर माहेरचंच कुळ तपासायचं असं बांधून टाकलं. चहा थंड होईपर्यंतचं काम. मग दोघांचे नंबर टाकले. हिरवं.

जुन्या लाल खुणा परत चालवून पाहिल्या, तर आणखी दोघी निघाल्या. एक तर एव्हाना सुरत सोडून गावी निघून गेली होती. भूपेंद्र ते बघून खुर्चीत मान खाली घालून बसला आणि मला त्याची दया आली. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं. हिरवं.

तिथूनच, दुकानाच्या पायरीवर उभी राहून, मी योगेंद्रला फोन लावला. घरी जाऊन आधी धनश्रीशी बोलावं, हे माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, आधी त्याला आणू, मग तिला दाखवू. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "येतो, वहिनी."

घरी येऊन मी आधी सासऱ्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, एक शब्द विचारायला हवा होता, एक शब्द. मग मात्र उठले आणि म्हणाले, काही बिघडलेलं नाही, राखी काय, दोरा असतो, भटजींना विचारून काहीतरी शांत करून घेऊ, शोभाबाईंनाही पटेल. सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. मग मी धनश्रीकडे गेले. ती गच्चीवर कपडे काढत होती.

मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. तिने सगळं ऐकलं, हातातल्या कपड्यांची घडी घालत. मग म्हणाली, "तू त्याला सांगितलंस?" मी म्हटलं, येतोय तो, निघाला असेल. तिने डोळे मिटले. म्हणाली, "का सांगितलंस? आधी मला विचारायचं होतंस."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, राखीच्या आदल्या दिवसापासून मी कामाला लागले होते. साडीवर एकेक खडा चिकटवायचा आणि मनात म्हणायचं, भाऊ. दुसरा खडा, भाऊ. दिवसच्या दिवस. आधी खोटं वाटायचं, रडू यायचं, मग वाटायची स्वतःचीच लाज. समकुळ म्हणजे मी त्याच्याकडे तशा नजरेने पाहिलं हेच पाप झालं ना? ते पुसायला मला फार कष्ट पडले, वहिनी. आणि मग एक दिवस पुसलं गेलं. तो डोळ्यांसमोर आला आणि खरंच भाऊ म्हणून आला. त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले, आठवतंय? दळणावरून. मला इतकं हलकं वाटलं होतं.

मी म्हटलं, पण ते चुकीचं होतं, पाप-बीप काही नव्हतं, ती चूक भूपेंद्रची. म्हणाली, चूक त्याची असेल, कष्ट माझे होते. आता तू म्हणतेस हिरवं झालं. मी परत उलटं कसं करू? मला त्याच्याबद्दल तसा विचार करायला गेलं तरी अंगावर काटा येतो.

मी तिला समजावत होते, रागावत होते, अगदी हात जोडले. तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली.

तो कारखान्याच्या कपड्यांतच आला होता, छातीवरचा पासही तसाच. चेहऱ्यावर असं काही होतं की माझ्याने बघवेना, मेळाव्यात क्रेनबद्दल बोलताना होतं तसंच. सासऱ्यांनी त्याला मिठीत घ्यायला हात पुढे केले. धनश्री माझ्यामागून जिना उतरून आली, पदर खोचलेला, आणि म्हणाली, "ये भाऊ, बस."

तो बसला नाही. तिने पाणी आणलं, ते त्याने हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. सासरे त्याला मोठ्या आवाजात समजावत होते, सगळं निस्तरता येईल. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. धनश्रीला म्हणाला, "ती राखी मी त्याच संध्याकाळी सोडून ठेवली होती. आईला दिसू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो. मी एक दिवसही तिला राखी मानलं नाही." आणि मग म्हणाला, त्यासाठीच इकडे आलो नाही एवढे दिवस. तोंड कोणत्या नात्याने दाखवणार होतो?

धनश्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. कितीतरी वेळ. मला अजून वाटत होतं की आता पाघळेल. ती म्हणाली, "तू सोडलीस, पण मी खरी बांधली होती. मला खोटी बांधता आली असती तर आज बरं झालं असतं."

त्याने पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला, न पिता. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि गेला. सासरे मला विचारत राहिले, काय म्हणाली ती, काय म्हणाली. मी त्यांच्या कानाशी गेले, पण मला ओरडून सांगता येईना.

भूपेंद्रने मंडळाच्या बैठकीत उभं राहून चूक सांगितली, माफी मागितली, त्याबद्दल त्याला मानायला हवं. ठरावही मागे घेतला गेला. आता मेळाव्यात सगळे धडधडीत कुळ विचारतात, आणि भांडतातही. क्वेरी नीट चालते. मी ती महिन्याला एकदा तपासते. हिरवी खूण आली की लोक पेढे घेऊन येतात आमच्या घरी, कारण दुरुस्त उज्ज्वलाने केली ना. मी पेढा घेते आणि तसाच देवापुढे ठेवते.

भाऊबीजेला शोभाबाई एकट्या आल्या. त्यांना काय घडलं ते सगळं कळलेलं होतं, आणि त्या दारातच धनश्रीला जवळ घेऊन रडल्या, माझ्यामुळे झालं म्हणाल्या. योगेंद्रने त्या दिवशी मुद्दाम शिफ्ट मागून घेतली होती. धनश्रीने सकाळपासून ताट तयार ठेवलेलं, दिवा, सुपारी, करदोडा, लाडू. दुपार झाली, संध्याकाळ झाली, माझ्या नवऱ्याला ओवाळून झालं, तरी तिने ताट उचललं नाही. सासूबाई म्हणाल्या, नाही येणार तो, पोरी, आवर आता. तेव्हा तिला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हा मी तिला रडताना पाहिलं होतं, पण असं नव्हतं ते. मी तिच्याजवळ जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "निदान भाऊ तरी राहू द्यायचा होतास."